बकरीचे डोळे

ईशान आणि सई,

तुमचे मिरजेचे आजोबा गेल्याचं कळलं, त्या रविवारी ईशान फोनवर हळूच म्हणाला, "इट वॉज मी, आजी. मी टीचरला सांगितलं म्हणून त्यांना जावं लागलं." मी "वेडा का तू?" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं. हे आईकडून वाचून घ्या, आणि बाबा घरात असताना वाचा.

तुमचे आजोबा माझे व्याही. मी त्यांना व्याहीच म्हणत आले. माणूस जिभेचा विषारी होता, हे आधीच सांगते. मिरजेच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. एक तरी पोर रडल्याशिवाय आपला तास संपत नसे, असं ते अभिमानानं सांगत. बायको गेल्यावर तुमच्या आईनं त्यांना परदेशात, टॅलाच्या तुमच्या घरी आणलं. त्या वर्षी मी सहा महिन्यांसाठी आले, तर पहिल्याच सकाळी माझा उपमा चाखून म्हणाले, "विहीणबाई, या उपम्यावर साम्राज्य टिकायचं नाही." माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐकून म्हणाले, "भाषा उत्तम. सांगायला काही असतं तर बहार आली असती."

साम्राज्य म्हणजे विजयनगर. दुसरं साम्राज्य जगात झालंच नाही, असं त्यांचं मत होतं. संगम, साळुव, तुळुव, अरविडू ही चार घराणी त्यांनी तुमच्या जिन्यावर मांडली. पायऱ्या तेरा, प्रत्येकीवर एक राजा. वर खोलीत जायचं तर नावं म्हणत चढायचं. एक चुकलं की पुन्हा खालून. सई चारचारदा रडत खाली यायची आणि ते वर्तमानपत्र वाचत बसायचे. ईशान म्हणायचा, "युअर मॅन बुक्का इज ग्रँड, आजोबा, पण मला बाथरूमला जायचंय." ते म्हणायचे, "बुक्क माझा मॅन नव्हे, राजा आहे. खाली जा."

गोष्टीही तशाच सांगत. एक राजा मरायला टेकला. त्यानं प्रधानाला हुकूम केला, माझ्या धाकट्या भावाचे डोळे काढून आण. प्रधानानं बकरीचे डोळे नेऊन दाखवले. भाऊ वाचला आणि पुढे कृष्णदेवराय झाला. त्या प्रधानाला तो वडिलांच्या जागी मानायचा, अप्पाजी म्हणायचा. पुढे मुलाला विष घातल्याचा संशय आला, तेव्हा त्याच अप्पाजीचे डोळे त्यानं काढवले. गोष्ट संपली की व्याही चष्मा पुसत म्हणत, "तात्पर्य काय? ज्यानं तुमचे डोळे वाचवले, त्याच्याकडे तुम्हांला बघवत नाही." सई तेव्हा सहा वर्षांची होती.

तुमच्या बाबांना ते 'अळिय' म्हणत. बाबांना वाटे, लाडाचा काही कानडी शब्द असेल. गणपतीच्या हॉलमध्ये त्यांनी कौतुकानं चारचौघांत सांगितलं, "सासरे मला अळिय म्हणतात." बंगळूरचा एक इंजिनिअर हसून म्हणाला, "अरे, अळिय म्हणजे फक्त जावई!" पण ते फक्त जावई नव्हतं. अळिय रामराय हा विजयनगरचा जावई. खरा राजा सदाशिव. रामरायानं त्याला कोंडून ठेवलं; वर्षातून एकदाच लोकांना त्याचं दर्शन होई. हे व्याहींनी त्याच हॉलमध्ये, पांढऱ्या टोपीत खुर्चीवर बसून, प्रसाद खात सगळ्यांना समजावलं. शेवटी म्हणाले, "आज माझ्या दर्शनाचा दिवस." लोक पोट धरून हसले. तुमचे बाबा हसले नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वर व्याही राहत त्या लहान खोलीचं दार आपोआप उघडायचं, म्हणून बाबांनी त्याला बाहेरून कडी बसवली होती. ऑफिसची माणसं जेवायला आली की बाबा व्याहींना म्हणायचे, "तुम्ही वर बसा," आणि मागोमाग कडी सरकल्याचा आवाज यायचा. मी खाली कोशिंबीर कालवत असायची. मला तो आवाज ऐकू यायचा.

ईशाननं वर्गात सांगितलं, की माझे आजोबा राजा आहेत, डॅडी त्यांना कोंडून ठेवतात आणि वर्षातून एकदा बाहेर काढतात. आठवड्यानं, शाळेनं कळवल्यावरून, समाजकल्याण खात्याच्या एक बाई चौकशीला घरी आल्या. त्यांचे उच्चार व्याहींना कळेनात, म्हणून मी दुभाषी झाले. बाईंनी विचारलं, "तुमच्या खोलीचं दार कधी कोणी बाहेरून लावतं का?" मी मराठीत विचारलं. व्याही माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगा तिला, दार मी आतून लावतो. वाचायला शांतता लागते."

त्या दाराला आतून कडी नव्हतीच.

मी त्यांचं वाक्य सुंदर इंग्रजीत सांगितलं आणि माझं एक जोडलं: "मुलगा कल्पक आहे, ऐकलेल्या गोष्टी खऱ्या समजतो." बाई चहा घेऊन गेल्या. वर कोणी गेलंच नाही. दार बंद झाल्यावर व्याही म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या लेकासाठी मी बकरीचे डोळे दाखवले. आता माझे तुम्ही सांभाळा."

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिकीट काढलं. "यांच्या गोष्टींनी घरात चौकशी आणली," म्हणाले. मिरजेला वृद्धाश्रमही ठरवून टाकला. तुमची आई हॉस्पिटलची ड्यूटी करून आली ती तशीच कोट न काढता माझ्यापाशी उभी राहिली. "आई, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील ते." मी म्हटलं, "बघते." आणि मी व्याहींच्या सामानाची यादी केली. सदरे पाच, धोतरं चार, औषधांचा डबा, चष्मा. एक वस्तू विसरली नाही.

निघताना ते जिना उलटा म्हणत उतरले. वेंकट, श्रीरंग, तिरुमल, आणि मग एकदम अच्युत. खाली उभी सई ओरडली, "आजोबा, यू स्किप्ड सदाशिव! गो बॅक!" नियम त्यांचाच होता. ते वळले आणि कठड्याला धरून परत वर चढू लागले. तुमचे बाबा म्हणाले, "फ्लाइट चुकेल," आणि त्यांचा दंड धरून त्यांना खाली आणलं. मी बाहेरचं दार उघडून धरलं होतं. जाताना ते मला म्हणाले, "तुम्ही फार व्यवस्थित बाई आहात."

मिरजेला मी त्यांना भेटायला एकदाही गेले नाही. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता आलं असतं.

तेव्हा ईशान, नीट ऐक. तू खोटं बोलला नाहीस आणि गोष्टीत गोंधळलाही नाहीस. त्या घरात खरं बोलणारा तू एकटा होतास. खोटं ते बोलले, तुझ्या बाबांना वाचवायला; आणि मी बोलले, तुला खोटं पाडून.

परवा सईनं व्हिडिओवर घराचा नवा रंग दाखवला. जिन्यावर नवा गालिचा आहे. वरच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे. दारालाही रंग दिलाय, आणि कडी अजून बाहेरूनच आहे.