मंडपातून पळालेला माझा संन्यासी

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला सलग सांगता येईल. इतकी वर्षं झाली, तरी मालवणजवळच्या आमच्या आचऱ्यात मी देवळाच्या पायऱ्या चढू लागलो की मागून कोणीतरी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडतंच. आणि माझा गुन्हा काय? दारू? मटका? छे हो! मी एक खेळ खेळलो!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी गावात मास्तर होतो आणि माझं लग्न ठरलं होतं. मुलगी शिरोड्याची, नाव सुमन. बघायला गेलो तेव्हा तिनेच मला विचारलं होतं, "मास्तर, तुमी पोरांका मारतास काय?" मी "नाय" म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच छडी सोडली. इतकी ती मला आवडली होती! साखरपुडा झालेला. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्याच मुहूर्तावर आमचं.

तेवढ्यात माझा मावसभाऊ बाळा रजेवर आला. तो मालवाहू बोटीवर नोकरीला. कुठल्याशा परदेशी बंदरात एका खलाशाने त्याला एक पेटी दिली होती. पेटीत जाडजूड पुस्तकं आणि फासे. फासे तरी कसले? चार तोंडांचे, आठ तोंडांचे, एक तर चक्क वीस तोंडांचा!

या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी सोंगं घ्यायची आणि नुसतं तोंडाने सांगायचं: मी गुहेत शिरलो, मी राक्षसाला हाणलं. फटका लागला की नाही, ते फासा ठरवणार. दशावताराची नाटकं बघत वाढलेल्या माणसाला हे काय शिकवायचं? दर शनिवारी दुपारी बाळाच्या पडवीत आम्ही जमू लागलो. सूत्रधार तो, खेळणारे मी आणि पोस्टातले दोघे मित्र.

पोस्टवाल्यांनी आधीच येऊन एकाने योद्धा पटकावला, एकाने जादूगार.

"आणि माका?" मी विचारलं.

"तू संन्यासी," बाळा म्हणाला.

"कित्याक? मी तुजा काय घोडा मारलंय?"

"अरे, झुजणारो संन्यासी! नुसत्या हातान धा जणांक लोळयता."

"तरवार?"

"नाय."

"चिलखत?"

"नाय."

"खजिनो गावलो तर?"

"वाटून टाकूचो."

बघा म्हणजे! मार खायला पुढे मी, आणि खजिना सगळ्या गावाला! मी उठून चाललो होतो. पण बाळा म्हणाला, "तू मास्तर मा? मगे सोंग रंगव. तो कोण, तेना घर कित्याक सोडल्यान, तेचो नेम काय, सगळा पानभर लिवन हाड."

मास्तराला लिहायला सांगितलं की तो फसला. मी पहिला संन्यासी लिहिला तो मठातला स्वयंपाकी, पळीने मारामारी करणारा. बाळा म्हणाला, "ह्यो आचारी झालो." दुसरा लिहिला तो बुडालेल्या गलबतावरून वाचलेला खलाशी, जन्मभर मौन धरलेला. बाळा म्हणाला, "बोलाचाच नाय तर खेळतलस कसो?" मग मात्र मी इरेला पेटलो आणि तिसरा असा लिहिला की पोस्टवाले दोघे टाळ्या वाजवायला लागले.

लिहिलं होतं असं: "ऐन अंतरपाटाच्या वेळी मला संसाराचा वीट आला. मी मुंडावळ्या तोडून फेकल्या आणि मागच्या दाराने पळालो. आता स्त्रीचं तोंड पाहणार नाही, मासळीला शिवणार नाही." पुढे त्याच्या गुरूचं नाव, गुरूच्या गुरूचं नाव, मठाच्या गाईचंसुद्धा नाव. सगळं माझ्या वळणदार अक्षरात, आणि सगळं 'मी, मी' करून. बाळाचा नियमच होता तसा!

त्याचा आणखी एक नियम होता. आपल्या सोंगाचा नेम जो आठ दिवस खरोखर पाळेल, त्याला एक फासा जादा. आता एवढा फासा सोडायचा का तुम्हीच सांगा. स्त्रीचं तोंड न पाहणं घरात आई असल्यामुळे जमणारं नव्हतं. म्हणून मी मासे सोडले.

इथेच माझं चुकलं. मालवणात माणसाने नोकरी सोडली तर लोक समजून घेतात. पण श्रावण संपलेला, गणपती नुकतेच गेलेले, अख्खा गाव महिनाभराचा उपाशी असल्यासारखा टोपलीवर तुटून पडलेला, आणि अशा वेळी तरणा मुलगा मासे नको म्हणतो?

"मास्तर, सरंगो हाडलंय! बगा, कसो चकचकता!" मासेवाली कावेरी दारात टोपली उतरवत म्हणाली.

मी डोळे मिटले. सोंग रंगवायचं होतं ना! "नको. माझो नेम आसा."

कावेरीने टोपलीवर परत फडकं टाकलं. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"झिला, बरा वाटना नाय?"

"अगो आये, खेळ आसा तो."

"खेळात जेवाण सोडतत?"

तिसऱ्या दिवशी मी माशाच्या तिखल्याचं ताट परत सारलं तेव्हा ती पदराने डोळे पुसायला लागली. आणि पाचव्या दिवशी माझी गादी उन्हात घालताना तिला ते पान सापडलं. अक्षर मुलाचं. मजकूर 'मी पळालो.' मला एका शब्दाने विचारलं का तिने? नाही! ती ते पान घेऊन सरळ देवळाचे मानकरी आबा गावकर यांच्याकडे गेली. आणि कावेरीच्या टोपलीबरोबर फिरत फिरत बातमी शिरोड्याला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांपर्यंत पोचली, ती अशी: जावई संन्यास घेतोय!

रविवारी सकाळी आई म्हणाली, "चल, देवाक गाऱ्हाणा घालूचा हा." मला वाटलं, लग्नाचं असेल. इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून, शीळ घालत गेलो मी. बघतो तर अर्धा गाव सभामंडपात. पुढे सासरे अण्णा, हातात छत्री. शेजारी सुमन! मी लाजून हसलो. ती हसली नाही.

आबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"ह्या तुझ्या लेकराक संसाराचो वीट इलो हा. मांडवातसून पळाचा तेच्या मनात इला हा. तेका मार्गार हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेका पयल्यासारखे मासे खाव घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठ्याने. त्यात माझ्या वर्गातली पोरंसुद्धा होती हो!

संताप आला मला. मी उठून ओरडलो, "मी खंय पळालंय? पळालो तो संन्यासी!"

"खयचो संन्यासी?" अण्णा उभे राहिले.

"तो बाळाच्या पेटयेत आसता! शनवारी दुपारी भायर येता, मगे माझ्या तोंडान बोलता!"

आई मटकन खाली बसली. आबा म्हणाले, "म्हणजे अंगात येता!"

शेवटी बाळाला पेटीसकट आणलं. त्याने घाम पुसत सगळा खेळ समजावला. आबांनी वीस तोंडांचा फासा निरखून बघितला आणि देवासमोर टाकला. वीस पडले. बाळा भान विसरून ओरडला, "आबानू, राक्षस मेलो!"

आबांची कळी अशी खुलली म्हणता! "अरे, ह्यो तर बसान केल्लो दशावतार!" ते अण्णांकडे वळले. "रात्री रावण झाल्लो माणूस सकाळी कोणाची बायल पळयता काय? तसाच ह्या. पोरगो बरो आसा."

अण्णा सैलावले. छत्री खाली ठेवली. आईने देवाला साखर ठेवली. मी सुटलो होतो! खरंच सुटलो होतो! आता फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात सुमन पुढे आली. हातात आबांकडचं माझं पान. "मास्तर, एक इचारूचा हा. ह्यात गायचा नाव आसा. जी बायल मांडवात उबी रवली, तिचा नाव नाय. काय होता तिचा नाव?"

खरंच नव्हतं हो! पानभर लिहिलं आणि त्या बिचारीचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. अख्खा गाव माझ्याकडे बघतोय, ती माझ्याकडे बघतेय. काहीतरी गोड बोलावं, तिला बरं वाटावं, म्हणून जगातलं मला सगळ्यात आवडणारं नाव मी सांगून टाकलं.

"सुमन."

अण्णांनी छत्री उचलली. आबांनी पुन्हा हात जोडले, "बा देवा म्हाराजा..."

लग्न झालं. सुमननेच वडिलांना समजावलं, पण अट घातली. अंतरपाट धरला तेव्हा तिचे दोन्ही भाऊ माझ्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी माझे दंड सोडले नाहीत. सरळ उभ्या असलेल्या माणसाला असं धरतात का कोणी? फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. आजही तो आमच्या ओटीवर आहे, आणि घरी येणारं प्रत्येक नवीन माणूस तो बघून बायकोला हळूच विचारतं, "ह्येंका कशात पकडलेला?"