मटणाच्या जहाजावरचा युसूफ

युसूफच्या घरातली माणसं तीन पिढ्या परदेशी जहाजांवर खलाशी होती. मालवणच्या बंदरालगतच्या वाडीत तो वाढला आणि मिसरूड फुटताच मुंबईला जाऊन जहाजावर चढला. शेजारच्या हवाबीचा एकुलता एक मुलगा गुलाम त्याच्यामागून आला. युसूफ त्याच्याहून मोठा. त्यानेच हवाबीला सांगितलं होतं की मी सोबत आहे, काळजी करू नकोस.

१९५९ साली दोघांना एकाच बोटीवर काम मिळालं. ती ऑस्ट्रेलियातून लंडनला मेंढ्यांचं मटण आणि लोणी न्यायची. मटण गोठवून दगडासारखं केलेलं, एकेका सोललेल्या मेंढीवर घट्ट पांढरं कापड चढवलेलं. गुलामाला पहिल्यांदा ते बघून हसू आलं होतं. एवढी मेंढरं कोण खातं, असं त्याने विचारलं. तिकडे रविवारी घरोघरी खातात, युसूफ म्हणाला. खलाशांच्या ताटात मात्र रोज तीच डाळ आणि खारवलेला मासा, तोही किडलेला.

विषुववृत्त ओलांडलं आणि पुढच्या फाळक्याचं, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठाराचं, गारव्याचं यंत्र बिघडलं. गोरे इंजिनिअर खटपट करत राहिले, पण काही जमलं नाही. वास सुटला. सुएझच्या कालव्यात असा माल नेता येणार नाही, म्हणून सगळं समुद्रात टाकायचं ठरलं. मोठा मालम, म्हणजे कप्तानाच्या खालचा अधिकारी, घाईत होता. शेजारच्या कोठारातलं लोणी वाचवायचं होतं. झाकण उघडलं आणि कोठाराला वारा लागण्याआधीच त्याने खलाशांचा मुकादम दाऊद सारंग याला माणसं उतरवायला सांगितलं. दाऊद आपल्याच किनाऱ्यावरचा. कुजलेल्या मालाने आतली हवा खाल्लेली असते हे त्याला ठाऊक होतं. तरीही मालमला न अडवता त्याने गुलामाला पुढे केलं.

गुलाम शिडीच्या तळाशी पोचला आणि तिथेच बसला. मग आडवा झाला. युसूफने तोंडाला ओला फडका बांधला, कमरेला दोरी बांधली आणि खाली उतरला. वरच्यांनी दोघांना ओढून काढलं. युसूफ बराच वेळ ओकत राहिला. गुलाम शुद्धीवर आलाच नाही.

संध्याकाळपर्यंत खलाशांनी त्याला न्हाऊ घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, नमाज पढली. दुपारीच कोठाराला वारा लावून माल काढायचं काम पुन्हा सुरू झालं होतं. पांढऱ्या कापडातली मेंढरं एकामागून एक समुद्रात पडत होती आणि जहाजामागे शार्कचा कळप लागला होता. मालमने सांगितलं, माणसालाही आताच पाण्यात सोडून द्या, वाटेत अदनच्या बंदरात जहाज थांबणार नाही.

युसूफ कठड्यापाशी गेला. खाली पाणी ढवळून निघालं होतं. तो तसाच परत फिरला. दाऊदने त्याला समजावलं की दर्यात दफन करणं काही नवं नाही, अल्लाला सगळं दिसतं.

"माकाय दिसता," युसूफ म्हणाला. "ह्या पाण्यात मी गुलामाक सोडूचंय नाय. अदन येयसर आमी एका मेंढराक हात लावचव नाय. जा, सांग तुझ्या सायबाक."

तो गुलामाच्या शेजारी जाऊन बसला. थोड्या वेळाने दुसरा खलाशी येऊन बसला, मग तिसरा. अखेर दाऊद सोडून सगळे बसले. कप्तानाने तुरुंगाची भीती घातली. कोणी उठलं नाही. उघड्या फाळक्यातून दुर्गंधी गोऱ्यांच्या जेवणघरापर्यंत जात होती. मालमने शीतगृहात मृतदेहाला जागा दिली नाही. तिथे साहेबांचं खाणं होतं. भटाऱ्याने स्वयंपाकघरातून गुपचूप बर्फ आणून दिला, तोच ते बदलत राहिले.

शेवटी कप्तान नमला. दुसऱ्या दिवशी अदनला जहाज थांबलं. बंदरावरच्या अनोळखी हमालांनी खांदा दिला आणि गुलामाला जमीन मिळाली.

लंडनला पोचल्यावर युसूफच्या नलीत, म्हणजे खलाशाच्या चोपडीत, वाईट शेरा पडला. त्यानंतर कुठल्याच जहाजाने त्याला घेतलं नाही. तो मालवणला परतला तेव्हा आधी हवाबीकडे गेला आणि सगळं सांगितलं. समुद्रात गेलेल्या मटणाची भरपाई विमावाल्यांनी मालकांना दिली, हेही सांगितलं. हवाबी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आणि माझ्या झिलाचा कोणी कायव विचारल्यान?" कोणीच नाही, युसूफ म्हणाला. तो राग त्याच्या अंगात कायमचा मुरला. तो मासेमारीवर जाऊ लागला, पण दर्याकडे बघतानाही त्याच्या कपाळावर आठी असायची.

तीन वर्षांनी दाऊद सारंग वाडीत उगवला. कोटबीट घालून आला होता. त्याच बोटीच्या कंपनीसाठी त्याला पोरं हवी होती. पेठेतल्या चहाच्या दुकानात तो लंडनच्या गोष्टी सांगत बसला होता. युसूफ आत शिरला, त्याने दाऊदचं मनगट धरलं आणि सगळ्यांदेखत त्याला ओढत हवाबीच्या दारात नेऊन उभं केलं. पोरं मागोमाग आली.

हवाबी मासे कापत होती. तिने मान वर केली.

"माझ्या झिलाक खाली धाडलंस," ती म्हणाली. "तू वर कित्या रवलंस?"

दाऊदने मालमचं नाव घेतलं, हुकमाचं नाव घेतलं, नशिबाचंही घेतलं. ती तशीच बघत राहिली. त्याला पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. ऐकायला जमलेल्यांपैकी काही पोरं हळूच घरी गेली.

काही गेली नाहीत. घरात चूल पेटायची तर जहाजाशिवाय दुसरं काय होतं? मुंबईची आगबोट आली तेव्हा ती होडीत बसून निघाली, आणि युसूफ त्यांच्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

"फाळको उघडल्याबरोबर उतरू नकात!" तो ओरडत होता. "सारंग सांगता म्हणान उतरू नकात! आधी त्याका उतरवा!"

होडीतली पोरं ओशाळून हसली. दाऊद पाठ करून बसला होता. युसूफ आवाज बसेपर्यंत तेच ओरडत राहिला.