शकिलाखालाला शेवटची आंघोळ घालायला दोघीच होतो

काल शकिलाखाला गेली आणि गुस्लला आलो आम्ही दोघीच.

आमच्या बायांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र दुपारपर्यंत दुखवट्याचे 'इन्ना लिल्लाह'चे स्टिकर थांबत नव्हते.
मी लिहिलं, "गुस्लसाठी बाया पाहिजेत. लवकर या."
त्यावर अंगठे आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात बाई गेली की तिला बायाच आंघोळ घालतात, कफन नेसवतात. त्याला गुस्ल म्हणतात.
सिंदेवाहीत हे काम कित्येक वर्षं खाला करायची. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. निरोप आला की शटर ओढून निघायची.

माझ्या अम्मीलाही तिनंच तयार केलं. मी पाणी देत होते.
अम्मीच्या पाठीखाली हात घालून ती हळूच म्हणाली, "आपा, आता तुले उजव्या कुशीवर घ्यायचं आहे. घाबरू नको."
त्यानंतर दोन-तीनदा मी तिच्या हाताखाली गेले.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. पोरी व्हिडिओ पाहून शिकल्या. शिकल्या ते चांगलंच.
पण एकदा ऐन गुस्लच्या खोलीत आमच्या गल्लीतली सानिया फोन धरून उभी.
"खाला, तुमचं चुकते. व्हिडिओतले मुफ्तीसाहेब असं नाई सांगत. थांबा, दाखवते."
नेटवर्क नव्हतं. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. मयत तशीच ताटकळली.

खाला म्हणाली, "त्याले कॅमेरा आहे ना? बाहेर ठेव. इथी एक बाई आंघोळ करून राह्यली."

झालं. ग्रुपवर चर्चा सुरू. खालाचा दुआचा उच्चार शुद्ध नाही, खालाची पद्धत बरोबर नाही. क्लिपवर क्लिप.
खालाकडे बटणांचा फोन. कुणीतरी मुद्दाम तिला सगळं वाचून दाखवलं.

मीही त्या ग्रुपवर होते. एक शब्द लिहिला नाही.

हळूहळू तिला बोलावणं बंद झालं. चंद्रपूरहून एक बाई गाडीनं यायला लागली.
मी विचारलं, "खाला, वाईट वाटते का?"
"मले कायले वाटन? गाडी येतवरी मयतीले थांबा लागते. त्याचं वाटते."

काल ती चंद्रपूरवाली लग्नाला बाहेरगावी होती. फोनवर म्हणाली, "लिंक पाठवते, पाहून करून घ्या."
मी फोन ठेवून दिला.

शेवटी सानिया आली.
"मले क्रम पाठ आहे, ताई. पण मी कधी हात नाई लावला."
माझं उलटं. हात लावलेला, पण काल डोक्यात काहीच राहिलं नव्हतं.

ती सांगत गेली, मी करत गेले. आधी बोरीच्या पाल्याचं पाणी, शेवटी कापराचं. कबूल करायला जड जातं, पण ती एकदाही चुकली नाही.
मध्येच रडायला लागली. "मी तिले तसं बोलाले नोको होतं."
मी समजूत नाही घातली. म्हटलं, पाणी ओत.

कफन पहिल्यांदा नीट बसलं नाही. सोडून पुन्हा नेसवलं.

ग्रुपवरच्या बायांनो, शुक्रवारी दुपारी माझ्या घरी या. सानियाला आणि मला जेवढं येतं तेवढं शिकवू.
लिंक मागू नका. यावंच लागेल.

खाला, मी गप्प बसले त्याची माफी.
अल्लाह तुझ्या कबरीत उजेड करो.