पहिल्या ओव्हरचे काका

आमचे बॉलर काका स्वतःच्या बॉलिंगचा निकाल दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचे. पहिला स्पेल संपला की बाउंड्रीजवळ खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींसमोर यायचे, टोपीने तोंड पुसायचे आणि विचारायचे, "बोला, पास की नापास?" सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, आमच्याच कंपनीत मोठा इंजिनिअर, पण त्या क्षणी चेहरा दहावीच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

मंडळीही काही सोडायची नाहीत. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीच्या मागच्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी सातला आमची मॅच असायची. पुण्या-मुंबईची साहेबमंडळी थर्मासातला करक चहा ओतता ओतता काकांचे चढउतार मोजायची. "मागच्या आठवड्यात काय आग होती! आज नुसतं कोमट पाणी." "काका, लेंग्थ रीम आयलंडवर घरीच विसरलात का?" एखाद्या वहिनी म्हणायच्या, "अहो, दमलेत ते, बसू तरी द्या." काका हसायचे. "नापास तर नापास. पुढच्या रविवारी फेरपरीक्षा, इन्शाल्ला." आणि पुढच्या रविवारी खरंच तिघांचे त्रिफळे उडवायचे.

मी त्या टीमचा स्कोअरर. नववीत शाळा सोडलेला, कंपनीची गाडी चालवणारा ड्रायव्हर. ही नोकरीसुद्धा काकांनीच शब्द टाकून मिळवून दिलेली. सुरुवातीला मी गाडीला टेकून लांबूनच मॅच बघायचो. एकदा काकांनी बोलावून वही हातात दिली. मी म्हटलं, "काका, माझं शिक्षण नाही." तर म्हणाले, "शाळा सुटली म्हणून आकडे सुटतात होय रे? बस इथे, खुर्चीवर." त्या रांगेत मला जागा मिळाली ती अशी. साहेबलोक मला नावाने हाक मारू लागले. फोनवर आईला हे सांगितलं तर ती रडायलाच लागली.

गेल्या सीझनला काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि नाशिकला कायमचं परतायचं ठरलं. जाण्याआधीच्या शेवटच्या मॅचमध्ये पहिली ओव्हर आपण टाकावी, एवढीच त्यांची इच्छा. कधी कोणाकडे काही न मागणारा माणूस, पण हे मात्र चारचौघांत बोलून गेला. नेमक्या त्याआधीच्या तीन मॅच वाईट गेल्या होत्या.

वाईट म्हणजे, वहीत वाईट. त्या तीन मॅचमध्ये काकांच्या बॉलिंगवर पाच कॅच सुटले, त्यातले दोन स्लिपमध्ये खुद्द कॅप्टनसाहेबांच्या हातून. सुटलेल्या कॅचला आमच्या वहीत रकाना नव्हता. पण मी खुर्चीवर बसून पाचही पाहिले होते.

शेवटच्या मॅचच्या सकाळी कॅप्टनसाहेब म्हणाले, "वाच रे, काकांच्या मागच्या तीन मॅच." मी वाचलं. बारा ओव्हर, एकशे चार रन, एक विकेट. कोणीतरी म्हणालं, "पण कॅच सुटले होते ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही. कॅप्टनसाहेब म्हणजे आमच्या कंपनीचे ॲडमिन मॅनेजर. माझ्या व्हिसा रिन्यूअलचे कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेले. मी मान वर न करता म्हणालो, "वहीत तसं काही नाही, सर."

वाक्य खरं होतं. त्याचीच जास्त लाज वाटते. सरळ खोटं बोललो असतो तर कधीतरी कबूल तरी करता आलं असतं.

"खलास मग," म्हणत कॅप्टनसाहेबांनी नवा बॉल दुसऱ्याच्या हातात ठेवला. काका फाइन लेगला जाऊन उभे राहिले. त्यांना एकही ओव्हर मिळाली नाही. मॅच संपल्यावर ते खुर्च्यांकडे आलेच नाहीत, आणि त्यांना बोलवावं असं आमच्यातल्या कोणालाही सुचलं नाही.

त्यांची गाडी विकून झाली होती, म्हणून त्यांना आणि त्यांच्या मुलीला मीच रीमला सोडायला निघालो. मुलगी इथेच वाढलेली, बेसबॉलची वेडी. मागच्या सीटवरून म्हणाली, "अंकल, बेसबॉलमध्ये फिल्डरची एरर वेगळी लिहितात. त्या रन पिचरच्या, म्हणजे बॉलरच्या, नावावर लागत नाहीत. यू सॉ द ड्रॉप्स. व्हाय डिडन्ट यू से?" सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही. मागच्याने हॉर्न मारला.

"अगं, गाडी चालवू दे त्याला," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वहीतलं अक्षर छान झालंय हं तुझं."

दोन आठवड्यांनी एअरपोर्टवर सोडायलाही मीच होतो. काय बोलायचं ते वाटेत मनातल्या मनात घोकत आलो होतो. बॅगा ट्रॉलीवर चढवताना कसंबसं "काका, त्या दिवशी..." एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी मधेच विचारलं, "व्हिसा झाला ना रे तुझा?"

"झाला, काका."

"वा! दोन वर्षांची निश्चिंती."

त्यांना मनापासून आनंद झाला होता. तो चेहरा मला बघवेना, म्हणून मी खाली बसून ट्रॉलीचं चाक नीट करू लागलो. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.