बचावफळीचे खलासचाचा

आमच्या संघानं गोल मारला की खलासचाचांचा चेहरा पडायचा. पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत असायची, ओरडून माझा घसा बसलेला असायचा, आणि हा माणूस रेषेवर उभा राहून आपल्या बचावपटूंवर खेकसत असायचा, "यल्ला, चलो वापस! नाचना है तो घर जाके नाचो!" एकदा मी वैतागून विचारलं, "चाचा, गोल आपलाच आहे ना?"

"आपलाच. म्हणून तर आता हे बेसावध होणार."

मस्कतमधल्या एका खासगी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मी मुख्य कोच आणि चाचा बचावफळीचे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पोराला पायावर उभं राहता आलं की त्याला गोल मारायचा असतो. चाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. गोलासमोर आलेला चेंडू लांब भिरकावून देणं म्हणजे त्यांच्या भाषेत 'खलास करणं'. हा शब्द ते इतका ओरडायचे की ओमानी पोरांनी तेच त्यांचं नाव करून टाकलं. इस्माईल हे खरं नाव ऑफिसातल्या लोकांनाच ठाऊक असावं.

तरुणपणी ते मुंबईत एका कंपनीच्या संघात स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारे, होते. गुडघा गेला, मग संघातली जागा गेली, आणि खेळासाठी दिलेली नोकरी तरी कशी राहील? एसी दुरुस्तीच्या कामावर ते मस्कतला आले. तिथल्या रुवी भागातल्या एका खोलीत दाटीवाटीनं राहायचे आणि शुक्रवारी कामगारांच्या सामन्यांना जाऊन, ओळखदेख नसलेल्या बचावपटूंना कडेनं सूचना द्यायचे. कॉलेजच्या तेव्हाच्या कोचनं ते ऐकलं आणि त्यांना उचलून आणलं. तो कोच गेला, त्याच्यामागून आलेलेही गेले, चाचा राहिले. दर वेळी त्यांनाच मुख्य कोच व्हा म्हणून विचारणा व्हायची, आणि दर वेळी हे नाही म्हणायचे. "मी पुढं बघत बसलो तर मागं कोण बघणार?" हे त्यांचं उत्तर.

त्यांचा सराव बघितला की माझं डोकं फिरायचं. नवीन पोरांना ते आठवडेच्या आठवडे चेंडू देत नसत. हात पाठीमागं बांधून, समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून मागं मागं सरकायचं, बस्स. मी म्हणायचो, "चाचा, फुटबॉल आहे हो. चेंडू तरी दाखवा." ते म्हणायचे, "चेंडू बघून पोरं खुळी होतात. आधी माणूस बघायला शिकू देत." संघासाठी फळं आणायला अल मवालेहच्या बाजारात गेलो, तर तिथंही संत्री मांडून ते मला मागच्या सामन्यातली माझी चूक समजावू लागले. मागं गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी दुकानदारानंच हात जोडले.

त्यांचा सगळा जीव सालिमवर होता. मस्कतच्याच बौशर भागातला हा उंच, अबोल ओमानी विद्यार्थी. तीन वर्षांत चाचांनी त्याला असा घडवला होता की त्याला ओलांडून जाणं कोणाला जमत नसे. पण हा पठ्ठ्या मधली रेषही ओलांडायचा नाही! मी पुढं बोलावलं की तो आधी चाचांकडं बघायचा.

गेल्या वर्षी कॉलेजनं खर्च कमी करायला काढला, आणि कॉलेजांच्या स्पर्धेच्या फायनलला पोचलो नाही तर संघ बंद, असं आम्हाला सांगण्यात आलं. सेमीफायनलला बरोबरीही चालणार नव्हती. बरोबरी झाली तर आधीच्या गुणांवर समोरचा संघ पुढं जाणार होता. त्यात मी रेफ्रीशी हुज्जत घातली आणि लाल कार्ड घेऊन मैदानाच्या कुंपणाच्या जाळीबाहेर जाऊन बसलो. संघ चाचांच्या हाती!

शेवटची काही मिनिटं उरली, गोल शून्य-शून्य. चाचांच्या दृष्टीनं सामना फारच सुंदर चालला असणार. आम्हाला कॉर्नर मिळाला. मी जाळीला लटकून ओरडलो, "चाचा, सालिमला पुढं पाठवा! तो सगळ्यात उंच आहे!" त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सालिमला रेषेजवळ बोलावलं आणि चक्क बोलत बसले. वेळ चाललाय, रेफ्री शिटी वाजवतोय, आणि ह्यांचं आपलं चाललंय!

मग सालिम निघाला. मधली रेष ओलांडून पुढं. आणि चाचा उलट्या दिशेला, गुडघा ओढत, आमच्याच गोलाच्या बाजूला चालू लागले. मला काही कळेना. सालिमची जागा जिथं मोकळी पडली होती तिच्या समोर, रेषेबाहेर ते थांबले. हात पाठीमागं, किंचित वाकलेले. रेफ्रीचा मदतनीस त्यांना मागं फिरायला सांगत होता. ते हलले नाहीत.

सालिमनं डोक्यानं गोल मारला. आम्ही जिंकलो.

तुला चाचा एवढं काय सांगत होते, असं मी नंतर सालिमला विचारलं. तो म्हणाला, "मी म्हटलं, माझी जागा सोडून कसा जाऊ? तर म्हणाले, तू जा. तुझ्या जागेवर मी आहे."

फायनल हरलो, पण संघ वाचला. चाचा मात्र वाचले नाहीत. वयाच्या अटीत बसत नाहीत म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांचा करार वाढवला नाही. मी ऑफिसात जाऊन भांडलो. "इन्शाल्ला, बघू," एवढंच ऐकून परत आलो. चाचांनी भांडायचंही नाकारलं. विमानतळावर सालिमला मिठी मारली आणि तो रडायला लागला तर त्यालाच दटावलं, "सीधा खडा रह." मला म्हणाले, "पाटील, रेफ्रीशी बोलू नकोस." मग मागं न बघता आत गेले.

परवा गावाकडून त्यांचा फोन आला. शाळेतल्या मुलींचा संघ काढलाय म्हणे. मी म्हटलं, "वा! कसा खेळतोय?"

"एकही सामना हरलो नाही."

"मग जिंकलात किती?"



"पाटील," ते म्हणाले, "सुट्टीत चार दिवस इकडं येशील का? या पोरींना गोल मारायचाय रे. आणि मला शिकवता येत नाही."

बायकोनं सुट्टीचं सगळं आधीच ठरवलं होतं. अजून ती माझ्याशी धड बोलत नाही. पण तिकीट मी बदलून घेतलंय.