काकांचं फिरतं बिऱ्हाड

माधवनगरला आमच्या खाली राहणारे काका मूळचे माणदेशातले. लेकीनं त्यांना न्यूझीलंडला नेलं आणि शेगडी-बिछाना आतच असलेल्या गाडीतून दोन महिने फिरवलं. आल्यापासून ते मला त्या प्रवासाचा शेवटचा दिवसच सांगतात. गाडी परत द्यायची होती, सामान उतरलं होतं, तरी काका आत बसूनच राहिले होते.

"लय रडू आलं गड्या," ते म्हणतात. मग आवाज खाली आणतात, कारण पुढची गोष्ट सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हती. "आमचा बा मेंढरांमागं असाच हिंडायचा, बिऱ्हाड घोड्यावर. त्याला गावोगाव हाकलला. मला तिकडं जो तो पाणी भरू द्यायचा."

"तिकडं तुम्ही पर्यटक, काका! इथं हिंडणारा माणूस लोकांना चोर वाटतो," मी चिडतो. ते मिशीवरून बोट फिरवतात.

परवा शेजारच्या मोकळ्या जागेत मेंढरांचा तळ पडला. सोसायटीची माणसं हाकलायला जमली. मी सोसायटीवाल्यांशी भांडायला खाली धावलो, तर काका स्वतःच्या नळाचा पाइप कुंपणापलीकडं ओढत होते.

"काका, ही माणसं घाण करतील," चेअरमन ओरडले.

"मग मलाबी हाकला. मी त्यांच्यातलाच हाय."

चेअरमन मागं फिरले. हळूहळू माणसं पांगली.

हंडा भरताना काकांनी मेंढकीणबाईला विचारलं, "उद्या कुठं?"

"तासगावच्या अंगाला. येताय का आमच्यासंगट, आबा?" ती हसत म्हणाली.

काका हसले नाहीत. ते रस्त्याकडं बघत राहिले, आणि ते खरंच 'व्हय' म्हणतील अशी मला भीती वाटली.