पिसारा फुलवणारा मासा

अजूनही आठवलं की डोकं फिरतं. कुठे उमरखेड, कुठे समुद्र! पण आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, एकदा मनावर घेतलं की घरात दुसऱ्या कोणाचं चालत नाही. नागपूरहून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी आणली आणि तिच्यात लायनफिश सोडला. तांबडे-पांढरे पट्टे, पाठीवर काटे, मोराच्या पिसाऱ्यासारखे पर. दिसायला देखणा, पण लेकाचा महाखादाड. सोबतचे छोटे मासे त्याने बघता बघता फस्त केले. पर पसरून हळूच कोपऱ्यात रेटायचा आणि गपकन गिळायचा. परदेशात कोणी हौशी लोकांनी म्हणे हे मासे समुद्रात सोडून दिले, आणि तिथल्या माशांना हा आपला वैरी आहे हेच कळत नाही. खाऊन खाऊन माजलेत तिकडे.

माणूस जवळ गेलं की तो पाठीचे काटे आपल्याकडे करायचा. ती धमकी होती. भासरे मात्र आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, ओळखतो तो आपल्याला. कर्माचं ओळखतो!

आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला हळदीकुंकू लागतं, मग ती स्कूटी असो की मिक्सर. पहिल्याच शुक्रवारी सासूबाईंनी टाकीच्या काचेला कुंकू लावलं, आणि माशालाही वाहावं म्हणून चिमूटभर अक्षता घेऊन बोटं पाण्यात घातली. मासा पळाला नाही. त्याने फक्त पाठ वळवली. काटा बोटात घुसला आणि त्या मटकन खाली बसल्या.

हात मनगटापर्यंत सुजला. विष उष्ण असतं, त्यावर थंडच पाहिजे, असं म्हणत भासऱ्यांनी बर्फ लावला. सासूबाई नुसत्या तळमळत होत्या. शेवटी मीच रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं; भासरे मागून आले. डॉक्टरांनी माशाचं नाव विचारलं, कोणाला तरी फोन केला, बर्फ काढून टाकला आणि सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात ठेवायला लावला. या विषाला उष्णताच मारते, म्हणाले. हळूहळू कळ उतरू लागली.

तेव्हा भासरे सहज बोलून गेले, की विषारी असतो असं दुकानदार बोललाच होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "मंग काहून नाही सांगितलं, भाऊजी?"

"सांगितलं असतं तर घरात ठेवू देला असता काय तुम्ही?"

सासूबाई आजवर कायम लेकाचीच बाजू घेत आल्या. हात पाण्यातच ठेवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"म्हंजे आम्ही नाही म्हनू, हे तुले ठाऊक होतं."